आतल्या कडेने झिजलेले टायर

चूक माझी होती आणि ती मी बायकोच्या माथी मारली, हे आधीच सांगून टाकतो.

पन्नाशी जवळ आल्यावर मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली, दोनच माणसं बसतील अशी. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग मिळतं, त्यामुळे घरची छोटी गाडी विकावी लागली. ती खरं तर बायकोची होती. चाळिशीनंतर घाबरत घाबरत ती गाडी शिकली होती, बिबवेवाडीत एकट्या राहणाऱ्या आईकडे मनात येईल तेव्हा जाता यावं म्हणून. छोटी गाडी गेली त्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "ही लाल मी चालवली तर चालेल ना?"

"अगं, तुझीच आहे," मी म्हणालो.

सासूबाई पहिल्यांदा तिच्यात बसल्या तेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, गाडीत बसवताय की टबात? बाहेर काढायला क्रेन सांगून ठेवलीय ना?"

मला मात्र ती आणखी बुटकी हवी होती. स्प्रिंग बदलून मी ती खाली बसवली. असं केलं की चाकं सरळ उभी राहत नाहीत, वरच्या बाजूने आत कलतात, आणि मग अलाइनमेंट करून ती पुन्हा जाग्यावर आणावी लागतात. मी स्वतः इंजिनिअर आहे. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण पुढच्या रविवारी करू, असं म्हणत राहिलो. गाडी झकास दिसत होती. हळूहळू ती डावीकडे ओढायला लागली, तेव्हा मी स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरून चालवू लागलो आणि त्याची सवय होऊन गेली.

एका शनिवारी बायको ती घेऊन आईकडे जाऊन आली. रविवारी सकाळी बघतो तर पुढचा डावा टायर बसलेला.

"कुठे आपटलीस?"

"कुठेच नाही हो."

"मग काय झोपेत फुटला? नक्षी बघ, अजून नवी आहे."

तिने वाकून टायर बघितला. मग म्हणाली, "मार्केट यार्डापाशी एक खड्डा लागला होता. त्यातच फुटला असेल."

"ज्यांना जमत नाही त्यांनी रिक्षाने जावं," मी म्हणालो.

तिने पर्समधून किल्ली काढली आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

मग मी जॅक लावून चाक काढलं. बाहेरून नवा दिसणारा तो टायर आतल्या कडेला तुळतुळीत झाला होता. रबर संपून तारा उघड्या पडल्या होत्या. उजव्या चाकाच्या मागे हात घातला, तिथेही तेच. एका खड्ड्याने असं होत नाही. महिनोन्‌महिने कललेल्या चाकांवर गाडी पळवली की होतं, आणि ती पळवणारा मीच होतो. पार्किंगमध्ये उकिडवा बसून मी त्या तारांकडे बघत राहिलो. वर जाऊन सांगायला दोन जिने चढायचे होते. त्याऐवजी मी नवे टायर बसवून, अलाइनमेंट करून आलो.

रात्री जेवताना तिने विचारलं, "झाली का नीट?"

"झाली."

"माझ्यामुळे तुमचा सगळा रविवार गेला."

मी भातावर आमटी वाढून घेतली.

त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही. आईकडे रिक्षाने जाऊ लागली, आणि रिक्षाने जाणं म्हणजे मनात येईल तेव्हा जाणं नव्हे. सासूबाईंना दम लागू लागला तसं मी दोनतीनदा म्हणालो, "गाडी घेऊन जा की." ती म्हणायची, "नको, परत काहीतरी करून ठेवीन." तेव्हा खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही.

एका दुपारी बायकोला आईच्या शेजारणीचा फोन आला, लवकर ये. मी कंपनीच्या बसने कामावर गेलो होतो. गाडी खाली उभी होती, किल्ली खुंटीला होती. बायको रस्त्यावर रिक्षा शोधत राहिली. फोनवरून ठरवलेल्या दोन रिक्षा येता येता रद्द झाल्या. ती पोचली तेव्हा शेजारीण दारातच उभी होती. म्हणाली, आत्ताच गेल्या, तुझी वाट बघत होत्या.

सासूबाईंच्या घरी भेटायला माणसं येत होती, त्यातल्या कुणीतरी तिला विचारलं, "तू गाडी चालवायचीस ना गं?"

"नाही हो, मला कुठली जमायला," ती म्हणाली. "यांची गाडी मी एकदा आपटून ठेवली."

मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो.

तिथून घरी निघालो, ती शेजारी बसलेली, मांडीवर आईच्या चष्म्याची डबी. पुढे जाणं मला अशक्य झालं. गाडी कडेला घेतली, बंद केली आणि सांगितलं, स्प्रिंग, तारा, सगळं. तिने डबी उघडली, बंद केली.

"म्हणजे मी आपटली नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"आणि तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"त्याच रविवारपासून. आई होत्या तेव्हापासून. माझं चुकलं. मला माफ कर."