बामाचा वास लागलेलं कोकरू

आई दिवाळीनंतर गेली. तिची शाल मी धुतली नव्हती. गुलमंडीच्या बाजारातून घेतलेली साधी तपकिरी शाल, पण तिच्यात आईचा बाम, तिचं खोबरेल तेल, सगळं तसंच होतं. माघात करमाडच्या आमच्या शेतावर गेले, तेव्हा थंडीचं निमित्त करून तीच पांघरली.

कपाशी निघाली की आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. दरवर्षी तेच धनगर कुटुंब डोंगराकडून कळप घेऊन येतं. त्यांच्यातल्या म्हातारीला मी मावशी म्हणते. कुठली मेंढी ठेवायची आणि कुठली बाजारात न्यायची, हे तीच ठरवते. तिचा नियम सोपा आहे. पहिल्या वेताला जिनं पिल्लू झिडकारलं, ती बाजारात. कारण तिच्या लेकीही तशाच निघतात.

त्या सकाळी बांधाजवळ एक मेंढी पहिल्यांदाच व्याली. मावशी चुलीपाशी होती. कोकरू ओलंचिंब, थरथरणारं. वर्षभर पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला जे सुचावं तेच मला सुचलं. मी ते शालीनं अगदी कोरडं पुसलं आणि मोठ्या समाधानानं त्याच्या आईपुढे ठेवलं. मेंढीनं हुंगलं, मान झटकली आणि त्याला ढुशी दिली.

मावशी येईपर्यंत तीन ढुशा झाल्या होत्या. तिचा चेहरा उतरला. या मेंढीची आई आणि आजी दोघी तिच्या हाताखालच्या. दुसरीचं पोरकं कोकरूसुद्धा त्या पाजायच्या म्हणे. मग हिच्यातच वाण कसं बिघडलं? येत्या बाजारी न्यावीच लागेल, असं ती पुटपुटली.

तीन पिढ्यांची अब्रू माझ्या खांद्यावरच्या शालीमुळे चालली होती. शाल आईची आहे आणि तिनंच मी कोकरू पुसलं, हे मी कबूल केलं. मावशीनं आधी कोकरू नाकाशी धरलं, मग शालीचं टोक.

"हे तर तुमच्या आईचं लेकरू झालं की, ताई. हिनं कशाला पाजावं?"

मग तिनं कोमट पाण्यानं कोकराचं अंग धुतलं आणि व्याल्यावर पडलेली मेंढीची ओली वार उचलून त्याला नखशिखांत चोपडली. मी दुसरीकडे बघत राहिले.

मेंढीनं पुन्हा हुंगलं. या वेळी बराच वेळ, शेपटीपासून डोक्यापर्यंत. मी बाहेरून घरी आले की आई माझं डोकं असंच हुंगायची, अगदी माझ्या चाळिशीतही, आणि मला राग यायचा. अखेर मेंढी घशातल्या घशात घुरघुरली आणि चाटू लागली. कोकरू धडपडत आचळाशी पोचलं.

"आजीवर गेली," मावशी म्हणाली. "आता नाय जात कुठं."

संध्याकाळी घरी परतले तेव्हा माझ्या लेकीनं दार उघडलं. आत जाता जाता मी सवयीनं तिचं डोकं हुंगलं. ती नाक धरून दोन पावलं मागे सरली आणि आधी ती शाल धुवायला टाक म्हणाली.

टाकली.