दांड्याखालचा खांदा

मुलीकडे जपानला गेलो होतो, तेव्हा तिच्या लहानशा बंदरगावात उन्हाळ्यातली जत्रा होती. भर दुपारी देवाची पालखी धक्क्याकडे निघाली होती. दांड्याखाली गावचे वीसेक कोळी, आणि त्यांच्यात एक म्हातारा. वयाने इतका वाकलेला, की दांडा त्याच्या खांद्याच्या चांगला वीतभर वर. तो आपला हात उंचावून नुसता धरून चाललेला.

"अहो, या बाहेर! तुम्ही कसली पालखी नेताय, पालखीच तुम्हाला नेतेय!" कडेने त्याची बायको ओरडली. मुलीने अर्थ सांगितला आणि मी जरा जास्तच हसलो. घरात कपाट हलवायचं झालं की मीही असाच मधोमध हात लावून उभा असतो, आणि घाम मात्र सगळ्यांच्या आधी पुसतो.

म्हातारा बाहेर येईना. शेवटी मागच्यापुढच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळेच गुडघ्यांत वाकले. दांडा त्याच्या खांद्याला टेकला. झालं, मान राखला, असं मला वाटलं. तर म्हातारा खेकसलाच.

"आता काय झालं?" मी मुलीला विचारलं.

"म्हणतोय, नुसता टेकवता काय? भार द्या!"

या वयात माणसाला ओझं उतरवायचं असतं, अशी माझी समजूत. मी तर केव्हाचा तयारीत आहे.

त्यांनी भार त्याच्या खांद्यावर सोडला. म्हाताऱ्याचा चेहरा पिळवटला, पाय लटपटले, पण तो चालत राहिला. बायकोचं ओरडणं थांबलं होतं. ती कडेकडेने त्याच्याच चालीने चालत होती.