गाऱ्हाण्यात घुसलेला उमेदवार

विक्रोळीच्या आमच्या चाळीत निवडणूक आली की कोणी ना कोणी हात जोडत येतंच, म्हणून या वेळी मी आधीच तयारी केली होती. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, मागच्या नाल्याची भिंत खचलीय, पुनर्विकासाची फाईल कुठे अडलीय कळत नाही. कोणी काय विचारायचं ते वाटून दिलं होतं. एकाला उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, असंही बजावलं होतं. मग सीमेवर लढाई पेटली.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा फौजेत आहे. त्याचा फोन लागेनासा झाला. ती टीव्ही लावू द्यायची नाही. तिला एकच हवं होतं, चाळीतल्या देवळात मुलासाठी गाऱ्हाणं घालायचं. आम्ही मूळचे मालवणकडचे. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे वडीलधाऱ्याने देवाकडे एकेक मागणं मोठ्याने मागायचं आणि जमलेल्यांनी दरवेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लहानपणापासूनची सवय, मागणं पुरतं ऐकायच्या आधीच तोंडातून निघतं.

शनिवारी सगळे जमलो आणि न बोलावता उमेदवार हजर झाला. मागे मोबाईल उंच धरलेली चारपाच पोरं. त्याने जावेच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाला, “या वीरमातेला माझा नमस्कार.”

जाऊ म्हणाली, “अहो, माझा मुलगा जिवंत आहे.”

त्याने ऐकलंच नाही. तो कॅमेऱ्याकडे बघत होता.

मी पाण्याचं काढलं. तो हसून म्हणाला, “ताई, देशावर वेळ आलीय आणि तुम्ही नळाचं काय घेऊन बसलात?” ज्यांना बाकीचे प्रश्न वाटून दिले होते, ते खाली बघत उभे राहिले. लढाई त्याने सुरू केली नव्हती, पण आमची तोंडं बंद करायला ती त्याला आयती मिळाली होती.

आमचे चुलत सासरे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. उमेदवाराचा एक माणूस त्यांच्या कानाशी लागला. म्हातारा माणूस, भिडेला बळी पडला.

“बा देवा म्हाराजा, आमचो झील थंय सीमेवर उभो आसा, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि ह्ये सायेब आज आपल्या दारात इले आसत, तेंका भरघोस मतांनी निवडून हाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” सगळी चाळ बोलून गेली.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे लोक आले. त्यांनी तरी नाल्याचं विचारावं? “त्यांचं घातलंत ना, मग आमच्या साहेबांचंही घाला. मुलाचा फोटो द्या, नाक्यावर मोठा बॅनर लावतो.” मी त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. देव काय यांचा मतदारसंघ आहे?

जाऊ मात्र भांडली नाही. रात्री म्हणाली, “एका दमात दोन्ही मागितलं गं. तो निवडणुकीत पडला तर देवाने गाऱ्हाणं ऐकलं नाही असंच ना? मग माझ्या पोराचं काय?”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“तुझा तिकडे असता तर तूही हेच बोलली असतीस.”

मी चुलत सासऱ्यांना गाठलं. दुसरं मागणं मागे घ्या म्हटलं. ते रडवेले झाले. “देवाकडे मागितलेला परत कसा घेवचा? तशी रीत नाय आपल्यात.”

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी एकत्र गेलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “दिलं त्यालाच. ओरडू नकोस माझ्यावर.”

मी ओरडले नाही. पाण्याचे हंडे दोन जिने चढवणारी ही बाई, आयुष्यात कधी कोणाच्या सांगण्यावरून मत न दिलेली. तिचं मत त्याने आश्वासन देऊन मिळवलं असतं तर चाललं असतं. खोटं आश्वासनही चाललं असतं, ते आमच्या अंगवळणी पडलंय. त्याने तिचा मुलगा ओलीस धरला.

शाळेच्या कोपऱ्यावर त्याचे कार्यकर्ते टेबल टाकून बसले होते. त्यातला एक धावत आला. “काकी, बोट दाखवून एक फोटो.” जावेने शाईचं बोट पदरात गुंडाळलं आणि चालायला लागली. तो मागे येत राहिला, तेव्हा मी मध्ये उभी राहिले आणि म्हटलं, “मत घेतलंत. आता बाजूला हो.”