न दुखणारा डाग

त्या नरखेडकडच्या बागायतदाराचा मला अजून राग येतो. सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये होतो. त्याच्या बायकोच्या गालातला पांढरा डाग खरवडून पेशींना चमकणारा रंग लावला, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्या नारिंगी पेटल्या. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा; तेवढा डाग लगेच कापून काढा, असं मी त्याला सांगितलं.

तो धोतराच्या सोग्यानं संत्रं पुसत म्हणाला, "दुखून नाही राहिलं तिले. मंग कापाचं काहून?"

मी ओरडलो, "झाडाला डिंक सुटला, की पानं पिवळी होईस्तोवर थांबता का?"

"झाडाले बोलता येत नाही ना, साहेब. हिले येते."

बाई पदराआड गप्प उभी होती.

वर्षभरानं तो तिला घेऊन आला. "आता दुखते म्हन्ते. कापा."

गालाला भोक पडलं होतं. ते बघायला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता.