मांजराच्या नडगीवर सरकवलेली पट्टी

हिर्डोशीच्या गेनबांच्या बोटांना डोळे आहेत, असं सगळं खोरं म्हणायचं. शेळी कड्यावरून घसरो की कालवडीचा पाय दगडात अडको, गेनबा डोळे मिटून पायावर बोटं फिरवणार, वरचा सांधा नि खालचा सांधा एका ओळीत आणणार, मग बांबूच्या कामट्या लावून चिंधी आवळणार. चाळीस वर्षं हेच चाललेलं. बापाकडून हे कसब आलं, तसा घरचा एक नेमही आला. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्याचा हात त्या गाठीला लागता कामा नये.

एके सकाळी साळूबाईनं त्यांच्यापुढं टोपली ठेवली. आत तिची पांढरी मांजर, चांदी. घाटाकडं जाणाऱ्या टेम्पोनं उडवलेली, मागचा डावा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता. साळूबाईचा नवरा वारलेला, लेक सासरी. घरात बोलायला उरलं होतं ते हे एवढंसं जनावर.

"भाऊ, तिचा पाय तेवढा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"शेळ्यांचं किती पाय बसीवलं म्या! मांजर ते केवढं!"

अहो, इथंच चुकलं. बांधलेली शेळी बापडी गप उभी राहते. मांजर कसलं राहतंय! चांदीनं कामट्या चावल्या, ओढल्या. चिंधी घसरू लागली, म्हणून गेनबांनी ती आणखी आवळली आणि पाहुण्याच्या लग्नाला भाटघरला निघून गेले. मागं पंजा सुजत चालला. साळूबाई बघत होती, तिचा जीव तुटत होता, पण नेम म्हणजे नेम. दोन दिवस तिनं गाठीला बोट लावलं नाही.

गेनबा परत आले. गार पडलेला पंजा हाताला लागला, तशी त्यांनी तिथंच गाठ सोडली. त्यांनी टोपली मांडीवर घेतली आणि साळूबाईसकट भोरची एसटी धरली. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला. नडगीचे तीन तुकडे. पुण्याला न्या म्हणाले, नाहीतर पाय काढावा लागेल.

पुण्याच्या डॉक्टर नूतन म्हणजे अगदी पोरगेलीशी बाई. पंजा दाबून बघत त्यांनी विचारलं, "हे बांधलं कोणी?"

"म्या," गेनबा म्हणाले. आता ही आपल्याला फाडून खाणार, अशा तयारीनं ते उभे होते.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "करकचून बांधल्यानं आत जाणारं रक्त तुटत आलंय, काका. सूज उतरू दे, मग बघू."

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. गेनबांनी फारच गळ घातली, म्हणून त्यांना काचेबाहेर उभं राहू दिलं. त्यांना वाटलं होतं, आता पाय उभा चिरणार, तुकडे बाहेर काढणार. तसलं काही झालंच नाही. गुडघ्यापाशी नखाएवढा एक छेद, घोट्यापाशी दुसरा. पायावर एक्स-रेची कमान, शेजारच्या पडद्यावर आतलं हाड. बाईंनी मोडलेल्या जागेला हातसुद्धा लावला नाही. वरचा सांधा नि खालचा सांधा एका ओळीत आणला आणि परकराच्या नेफ्यात नाडी सरकवावी तशी धातूची एक बारकी पट्टी कातड्याखालून अलगद सरकवली. वर स्क्रू, खाली स्क्रू. झालं!

"अगं आई गं!" गेनबांच्या तोंडून निघालं. दोन सांधे सरळ आणायचे, मधलं हाड उघडायचं नाही, हे तर बाप शिकवायचा. बापाला आतलं कधी दिसलं नव्हतं. या पोरीला दिसत होतं आणि तरीही ती ते उघडत नव्हती.

सहा आठवड्यांनी ते दोघं चांदीला पुन्हा घेऊन गेले. पडद्यावर नवा फोटो लागला. तीन तुकडे होते तिथंच होते, पण त्यांच्याभोवती पांढुरकं नवं हाड धरलेलं होतं.

"मधलं तुकडं कुणी जुळीवलं, बाई?" गेनबांनी विचारलं.

"कोणीच नाही. आम्ही पाय सरळ धरून ठेवला आणि तिथलं रक्त शाबूत ठेवलं. बाकीचं तिच्या हाडानं केलं."

चांदीनं टेबलावरून टुणकन उडी मारली आणि चारही पाय टेकत कोपऱ्यात जाऊन बसली. साळूबाईनं पदर डोळ्यांना लावला. "माझंच चुकलं व्हतं," ती पुटपुटली. "दोन दिस नुसती बघत बसले. म्याच पाय घालीवला असता."

गेनबांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि पडद्यापुढं हात जोडले.

"अहो काका, हे काय!" बाई अवघडल्या.

"तुमास्नी न्हाई, त्या हाडाला," गेनबा म्हणाले. मग साळूबाईकडं वळले. "तुमी गप बसा, वैनी. त्याचं रक्त म्या तोडलं व्हतं, तुमी न्हाई. तरीबी बघा, आलं जुळून."