कडावचा पॅसेंजर

कर्जतला आमच्याकडे कडावहून दूध घालायला येणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. वडील एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. शेवटी शेवटी त्यांना स्वतःचा पलंगच बस वाटायचा, आणि पॅसेंजर चढल्याशिवाय ते जेवत नसत. आई ताट धरून बसलेली असायची. मला त्यांची लाज वाटे, हे आता सांगतो. मी दारातूनच ओरडायचो, “बाबा, हा पलंग आहे!”

तो दूधवाला मात्र किटलीसकट पलंगावर चढायचा. “एक कडाव द्या.”

“किटलीचं लगेज-तिकीट पडेल,” वडील बजावायचे.

जरा वेळाने तोच हाळी द्यायचा, “चौक आला, जेवून घ्या!” कडावच्या वाटेवर चौक गाव कुठे लागतं? पण वडील मुकाट जेवायचे. मग तो आईला म्हणायचा, “मावशी, तुमी पडा जरा. गाडीत मी हाय.”

“थट्टा चालवलीय का त्यांची?” मी एकदा विचारलं.

“थट्टा कसली, दादा? तुमी त्यांना रोज खाली उतरवता, मी वर चढतो.”

एक दिवस तो आलाच नाही. ताट निवलं. आई रडकुंडीला आली. शेवटी मी दारातूनच पुटपुटलो, “एक चौक.”

वडिलांनी वर न बघताच सांगितलं, “दारात उभे राहू नका. आत चला.”