बुडवलेला डोंगा आणि जुनं विमान

हवाई दलातून निवृत्त झालेल्या आम्हा सहकाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. एरवी तिथे गुडघेदुखीचे उपाय आणि फुलांची चित्रं येतात. यंदा धान कापून झाल्यावर, थंडीच्या तोंडाशी, तिथे चांगलंच भांडण जुंपलं. आम्ही तरुणपणी ज्यावर राबलो, त्या जातीचं एक जुनं विमान काही हौशी लोकांनी खटपट करून पुन्हा चालू केलं होतं. पुढे पंखा, एकामागे एक दोन आसनं, नव्या वैमानिकांना शिकवायचं ते विमान. देशात आता तशी बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. ते उडवायचं, की संग्रहालयात दोरी बांधून ठेवायचं, असा वाद होता.

मी ताबडतोब लिहिलं, "ठेवा." माझं काम सांगाडा आणि पंख तपासायचं होतं. जुन्या धातूला आतून केसाएवढी चीर जाते, ती वरून दिसत नाही. सुटे भाग कुठे मिळत नाहीत. एकदा पडलं की विमान गेलं आणि आत बसलेला माणूसही गेला. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, न उडणारं विमान म्हणजे पत्र्याचा डबा. उभं ठेवलं की इंजिन जाम होतं, नळ्या वाळून तडकतात. आणि तो आवाज? तो पोरांना कुठे ऐकू येणार?

आवाजापाशी मी जरा थबकलो. सकाळच्या गारठ्यात ते इंजिन आधी खोकायचं, काळा धूर टाकायचं, आणि मग एकदम सूर लागायचा. हातातला चहा तसाच राहायचा. त्या आवाजाची मला फार आठवण येते. तरी मी मत बदललं नाही. मी हट्टी आहे, हे माझ्या घरात कुणालाही विचारा.

हे भांडण मी गावात, आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून करत होतो. आमचं गाव अड्याळजवळ. आम्ही ढिवर, घराण्याचं पोट तलावावर भरलेलं. मी तेवढा विमानांत गेलो, मोठा भाऊ पाण्यावरच राहिला. आता सगळे थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्यूबवर बसून जाळं टाकतात. जुना लाकडी डोंगा एकच उरला आहे, आमच्या बाबांनी मोहाच्या एका अखंड खोडातून कोरलेला. त्यात मागे बाबा वल्हं घेऊन, मध्ये जाळ्यासह दादा, आणि पुढे मी, पाणी उपसायला तेलाचा डबा घेऊन. माझं सगळं बालपण त्या डब्याच्या खडखडाटात गेलं.

डोंग्याची आमच्याकडे एक रीत आहे. उन्हाळा लागला की त्यात दगड भरायचे आणि तो तलावाच्या खोल भागात बुडवून ठेवायचा. उन्हात राहिला तर लाकूड तडकतं. पाऊस लागायच्या सुमाराला दगड काढून तो वर आणायचा. लहानपणी मला ते बघून रडू यायचं. बाबा म्हणायचे, "मेला नाई तो. झोपून राहिला."

या उन्हाळ्यात दादाने नेहमीप्रमाणे एकट्याने डोंगा बुडवला, आणि पाऊस लागायच्या आधीच त्याला हृदयविकाराचा झटका आला. नागपूरला नेलं, वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, जोराचं काम नाही, पाण्यात जाणं तर नाहीच. वहिनीने ते अक्षरशः पाळलं. गोळ्या वेळेवर, भाजी बिनमिठाची, आणि अंगणातली दादाची खाट उचलून अशा कोपऱ्यात ठेवली की तिथून तलाव दिसू नये. पावसाळा आला, तलाव भरला. डोंगा खालीच राहिला.

पुतण्या वरठीच्या कारखान्यात जातो. त्याच्या आणि मच्छीमार संस्थेतल्या पोरांच्या मनात आलं की हा शेवटचा डोंगा वर काढून, रंग देऊन, संस्थेच्या शेडमध्ये ओट्यावर ठेवावा. मला विचार पटलाच. पोरांनी सुटीच्या दिवशी जाऊन बांबूने तळ ढवळला. चिखल आणि कमळाच्या मुळ्यांखेरीज काही लागलं नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, "सांगून नाई समजत. मी दाखवतो."

"येथूनच सांग ना दादा," मी म्हणालो.

"पाण्यावरची जागा खाटेवरून सांगता येते काय गा?"

वहिनी भडकली. "भाऊजी, तुमी तरी समजवा ना त्याईले! काही झालं त तुमी जबाबदारी घेता काय?" मी घेतली. तराफ्यावर बसवून नेतो, जागा दाखवली की परत आणतो, दादा वल्ह्याला हातही लावणार नाही, असा शब्द दिला. ती पाळीपर्यंत आमच्यामागे आली.

दादा तराफ्यावर एखाद्या पाटलासारखा बसला होता. पुतण्या बांबूने तराफा ढकलत होता. दादा इकडे बघे, तिकडे बघे, आणि मध्येच म्हणाला, "इथं." पुतण्याने बुडी मारली. वर आला तो हसतच. त्याने आणि मागून ट्यूबवर आलेल्या दोन पोरांनी दगड काढले, दोर लावला, ओढत उथळ पाण्यात आणून डोंगा रिकामा केला. काळाभोर, जड आणि धडधाकट. मी सवयीने त्याच्यावर बोटाच्या पेराने टकटक करत टोकापासून टोकापर्यंत गेलो, कान लावून. सगळीकडे भरीव आवाज.

"काका, आता सरळ ट्रॅक्टरवर टाकू," पुतण्या म्हणाला.

"थांब," दादा म्हणाला. "एक फेरी मारतो."

मी नाही म्हणालो. पुतण्याही नाही म्हणाला. पाळीवरून वहिनीला ऐकू आलं नव्हतं, पण कळलं होतं. ती ओरडू लागली.

"तू तपासला ना?" दादाने मला विचारलं. "चीर हाय काय कुठं?"

"नाही."

"मंग?"

"मी डोंग्याच्या चिरेची गोष्ट करून नाही राहिलो, दादा."

त्याला समजलं. तो तराफ्यावरून उतरून उथळ पाण्यात डोंग्याला धरून उभा होता, पिंढऱ्या भिजलेल्या. मग शांतपणे म्हणाला, "मले आंगणात ठेवलं. याले शेडात ठेवा. दोघंबी वाळून जाऊ."

मला हवाई दलातले आमचे वरिष्ठ आठवले. त्यांचा एक दंडक होता. दुरुस्तीनंतर विमान पहिल्यांदा उडायचं, तेव्हा ज्याने ते तपासलं त्याला ते मागच्या आसनावर बसवायचे. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा खाली दोन तलाव चकाकताना दिसले आणि मला गावाची आठवण होऊन रडू आलं. पट्टे करकचून बांधलेले, डोळेसुद्धा पुसता येईनात.

मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डोंग्यात पुढे जाऊन बसलो. "चल. पण काठाकाठाने."

दादा तराफ्यावरचं वल्हं घेऊन मागे बसला. पुतण्या डोंग्याला हात लावून बाजूने पोहत राहिला. वल्हं पाण्यात गेलं, आणि मागून वल्ह्याचा लहानपणचा तोच आवाज आला, थोडा थांबून थोडा चालणारा. माझा हात आपोआप पायाशी तेलाचा डबा शोधायला लागला. मागे वळून बघायची मला हिंमत झाली नाही. वळत नाही तोवर मी लहान होतो, आणि मागे बाबाही असू शकत होते.

काठाकाठाने वगैरे काही झालं नाही. दादा सरळ मधोमध घेऊन गेला. तिथे त्याला दम लागला. मी वल्हं घेतलं, तर डोंगा जागच्या जागी गोल फिरायला लागला. दादा एवढा हसला की पुतण्या घाबरला. हसणं थांबल्यावर तो बसल्या बसल्या म्हणाला, "आता नीट पाहून ठेव. मारुतीचा कळस आन पाळीवरचा वाकडा बाभूळ एका रेघेत आले पायजे. उजव्या हाताले तुडूम." तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतांना सोडायचं दार. "उन्हाळ्यात इथं बुडवायचा. सांग बरं परत."

"मला कायले सांगतो? तू आहेस ना?"

"सांग म्हणतो ना."

मी शाळकरी पोरासारखं म्हणून दाखवलं.

डोंगा शेडमध्ये गेला नाही. घाटाला बांधला आहे, पाण्यातच. वहिनी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मी ग्रुपवरचं माझं मत मागे घेतलं आणि लिहिलं, "उडवा. मागे बसायला कुणी नसेल तर मी येतो." त्यावर सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली.

दादा आता रोज संध्याकाळी मला जागा विचारतो. मला ती चोख पाठ झाली आहे: कळस, बाभूळ, उजवीकडे तुडूम. पण मी दर वेळी काहीतरी चुकवतो. कधी तुडूम डावीकडे सांगतो, कधी बाभळीऐवजी चिंच. दादा कपाळाला हात लावतो, म्हणतो, "इमानं तपासाले कसं ठेवलं बापा तुले," आणि खाटेवरून उठून चपला शोधायला लागतो. "चाल, पुन्हा दाखवतो."